आत्तीचा तिसरा प्रश्न

"लोखंड लागलंय का?" आत्तीनं विचारलं.

"न्हाई. दगुड लागला."

"कुत्रं, मांजर, कसलं जनावर?"

"न्हाई गं. सरपण आणताना ठेच लागली म्हंते न्हवं."

"लघवीवर मुंग्या येत्यात?"

अनसाकाकूनं उत्तर द्यायला थोडा उशीर केला. परसातल्या न्हाणीच्या दगडावर ती बसली होती. तिचा उजवा पाय परातीत होता आणि मी वरून कडुलिंबाच्या सालीचं उकळून कोमट केलेलं पाणी ओतत होते. अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि खाली बोटभर मांस उघडं पडलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओझरतं नाही, चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग आत्तीकडे वळून ती म्हणाली, "न्हाई बा. माझ्याकडं कुठल्या मुंग्या?"

मी पाणी ओतत राहिले.

कोंडाआत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची, आणि माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. वडील कराडला तेलाच्या गिरणीत कामाला होते, पंधरवड्यानं एकदा यायचे. मोरणेच्या खोऱ्यातल्या आठ-दहा गावांत आत्तीला 'पाला लावणारी' म्हणून ओळखत. कुऱ्हाड लागलेले, विळ्यानं बोट कापून घेतलेले, चुलीवर भाजलेले, सगळे आमच्या परसात येऊन त्या दगडावर बसायचे. ती कुणाकडून काही घ्यायची नाही. ज्याला पाला लावला त्याच्या घरचं पाणीसुद्धा जखम भरेपर्यंत प्यायची नाही. आणि निघताना कुणी सवयीनं 'येते' म्हणालं की तिथल्या तिथं झापायची. 'येते न्हाई, जाते म्हण. परत कशापायी यायचं हितं?'

पाला कसला ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं की हाताचा गुण जातो, असं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. त्यामुळे ती एकटीच ओढ्याकडे जाऊन पाला खुडायची आणि ओच्यात झाकून आणायची. खरं तर तो साधा दगडी पाला होता. बांधाबांधावर उगवतो, लांब दांडीवर एकेक बटणाएवढं फूल येतं आणि शाळेतली पोरंसुद्धा गुडघा फुटला की चोळून लावतात. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. गावाला ठाऊक आहे एवढं फक्त आत्तीला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते सांगण्याइतकं कुणी वाईट नव्हतं. लोक पाल्यासाठी येत नव्हतेच. तास-तासभर बसून, बाभळीच्या काट्यानं एकेक खडा काढून, न कंटाळता जखम धुणारा हात दुसरीकडे मिळत नव्हता. पुढं मी तीस वर्षं लोकांच्या जखमा धुतल्या, पण तसा हात मला काही साधला नाही.

आणि तिचे ते तीन प्रश्न. तिन्हींतल्या एकाचं जरी उत्तर 'व्हय' आलं, तर ती पाल्याला हात लावायची नाही. समोरचा रडो, पाया पडो, तिचं एकच, 'माझ्या पाल्याची धाव इथवरच. दवाखाना गाठ.' एकदा खुद्द पाटलांच्या भावाला तिनं असं परत धाडलं होतं. तो चिडून गेला, पण गेला आणि वाचला.

अनसाकाकूला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ती आमच्या शेजारची, आणि आत्तीची एकुलती एक मैत्रीण. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलायचं नाही आणि भांडल्याशिवाय दिवसही जायचा नाही. म्हणूनच तिनं खोटं सांगितलं.

पौषात अनसाकाकूला सारखी तहान लागायला लागली. माठच्या माठ रिकामा करायची, तरी जीभ कोरडीच. तेव्हा ती मला सोबत घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली. मुलगा जोतिराम कामावर होता आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर फार आहे, लघवीवर मुंग्या येतात त्या त्यामुळंच, म्हणाले, गोळ्या दिल्या आणि पायाला जपा, साधी ठेचही अंगावर काढू नका, असं दोनदा बजावलं. दुसऱ्यांदा बजावताना ते माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर काकूनं मला चिठ्ठी वाचायला लावली, सगळी ऐकून घेतली आणि चुलीत घातली.

"कुणाला बोलू नगंस. जोत्याला न्हाई आन् कोंडीला तर न्हाईच न्हाई. ती उद्याच मला दवाखान्यात नेऊन टाकंल."

तिची दवाखान्याची भीती मला समजत होती. तिच्या नवऱ्याचा पाय उसाच्या गाडीखाली सापडला होता. मांडीपासून पाय काढला आणि आठवड्याच्या आत माणूसही गेला. ते सगळे दिवस काकू त्याच्या खाटेखाली फरशीवर निजली होती. कापलेला पाय कुठं नेला ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. गोळ्या तिनं आठवडाभर खाल्ल्या. संपल्यावर कोण आणतंय.

मी गप्प राहिले. आधी ते नुसतं वचन होतं. वैशाखात त्याला माझा स्वार्थ येऊन चिकटला.

मला तेव्हा सतरा पुरी होऊन अठरावं लागलं होतं. मॅट्रिक झाले होते. साताऱ्याला नर्सिंगच्या शाळेत जायचं हे एकच खूळ माझ्या डोक्यात होतं. फॉर्म आणला होता, भरला होता. वडिलांनी सहीही केली होती, पण सही करून ते म्हणाले, "आत्ती हो म्हणाली तरच. तिनं वाढवलंय तुला." आणि आत्ती हो म्हणत नव्हती. तिच्या डोळ्यांवर सारा आलेला, दिसणं अंधुक झालेलं. तिला हाताखाली मी हवी होते आणि तिच्यामागं पाला मीच लावावा असं तिनं ठरवून टाकलं होतं. फॉर्म ट्रंकेत पडून होता. तो पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत साताऱ्याला पोचायला हवा होता, म्हणजे काकूला ठेच लागली त्या सोमवारपासून बारा दिवस.

आत्ती फक्त एका माणसाचं ऐकायची, आणि ते माणूस परातीत पाय सोडून माझ्यासमोर बसलं होतं.

त्या दिवशी मी काकूला धरून घरी पोचवायला गेले, तेव्हा दारातच तिनं माझा हात दाबला. "तू माझं झाकलंस. मी तुझं कोंडीजवळ बोलते. पाय जरा बरा होऊ दे."

मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला होता.

बुधवारी आत्तीनं पट्टी सोडली. तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडा लालसर होऊन आत ओढल्या जायला हव्यात, तिथं त्या पांढऱ्या पडल्या होत्या. आत्तीनं तोंड अगदी जवळ नेऊन पाहिलं, मग बोटानं कडेला चाचपलं.

"दुखतंय?"

"न्हाई. तुझा हात लागल्यावर काय दुखतंय?"

काकू हसली. आत्तीही हसली. न दुखणं हे वाईट लक्षण असतं हे मला पुढं साताऱ्यात शिकवलं. तेव्हा मला ते चांगलंच वाटलं.

आत्तीनं पुन्हा धुतलं, पाला तळहातावर चोळून रस पिळला, चोथा बसवला आणि उकळून वाळवलेल्या धोतराच्या पट्टीनं बांधून टाकलं. शुक्रवारी पट्टी सोडली तेव्हा शेजारचं बोटही सुजलेलं होतं. रविवारी वास आला.

आत्तीला झोप येईना. ती रोज जखम धुवायला लागली. पाल्यात हळद घातली, मध घातला, करंजाचं तेल लावून पाहिलं. वैशाखामुळं ओढ्याकडेचा पाला वाळून चालला होता, तर ती पार वरच्या झऱ्यापर्यंत चालत गेली, ओला पाला मिळावा म्हणून. दिसत नव्हतं, त्यामुळे नाइलाजानं तिनं पहिल्यांदा मला बरोबर घेतलं. वाटेत ती दोनदा धडपडली. झऱ्यापाशी मला पाठ करून उभं राहायला लावलं आणि स्वतः चाचपडत पाला खुडला. घरी मात्र पहिल्या दिवसापासूनच, ती चूल पेटवायला गेली की ओच्यातला पाला सुपात ओतून मी पान-पान निवडत असे. एखादं चुकीचं आलेलं असायचं, गवताची काडी असायची, ते काढून टाकायचे. जखमेवर बसलं ते पान न् पान दगडी पाल्याचंच होतं. ही गोष्ट माझ्याइतकी कुणालाच पक्की माहीत नव्हती.

सोमवारी आत्ती काकूला म्हणाली, "अनसे, माझं काय चाललंय मला कळंना. दवाखान्यात जाऊ चल. मी येते तुझ्यासंगं."

"मी न्हाई जायाची."

"आगं पर भरंना की."

"भरंल. म्हाताऱ्या माणसाचं मांस हाय, येळ लागतोय. आन् न्हाई भरलं तर तुझ्या हातानं मरंन. तिथं तुकडं हून न्हाई मरायचं मला, कोंडे."

आत्तीनं पुन्हा विचारलं. लोखंड खरंच नव्हतं ना, दगडावर शेण-बिण काही नव्हतं ना, आणि शेवटी मुंग्यांचं. काकूनं शपथ घेतली. जोत्याच्या गळ्याची. मी उंबऱ्यात उभी होते. आत्ती पुरी पटल्यासारखी मान हलवून पाला चोळायला बसली.

त्या संध्याकाळी मी एकटीनं काकूला गाठलं. जोतिराम गोठ्यात होता. काकू भिंतीला टेकून बसली होती आणि पाय उशीवर ठेवला होता. घरात शिरताच वास यायचा. मी तिला म्हटलं, काकू, आता सांग. नाहीतर मी सांगते.

ती चिडली नाही. अंगात ताप असावा, डोळे पाणावले होते. "सांग की," ती म्हणाली. "सांगितलंस तर कोंडी पैला मला गाडीत घालंल आन् मग तुझी चामडी सोलंल. चार म्हयनं तू तिच्या तोंडावर खोटं वागलीस. तुला शाळंला धाडंल का मग ती? दोन दिस थांब. परवा बोलते मी तिच्याशी."

मी दोन दिवस थांबले.

बुधवारी आत्ती काकूच्या घरून आली ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "अनशी म्हंती, पोरीला अडवू नगंस. म्हंती, तुझं डोळं गेलं, हात गेला, आता पोरीला तरी मोठ्या दवाखान्यात शिकू दे. खरं हाय तिचं. माझ्या हातात काय ऱ्हायलंय? जा तू."

मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला पाल्याचा आणि काकूच्या जखमेचा, दोन्ही वास येत होते.

आता काय अडत होतं? आता मी सांगू शकत होते. पण फॉर्म अजून ट्रंकेतच होता. आज सांगितलं आणि आत्तीनं रागाच्या भरात तो फाडला, तर? शनिवारी फॉर्म एकदा दिला की संध्याकाळी येऊन सगळं सांगायचं, मग तिनं मारलं तरी चालेल, असा हिशेब मी मनाशी केला. गुरुवार गेला. शुक्रवारी काकूचा पाय घोट्यापर्यंत काळपट निळा झाला. ती मध्येच नवऱ्याशी बोलायला लागली. जोतिराम म्हणाला की उद्या जीप मिळाली की मी आईला नेतोच, ती काही म्हणो. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे माझ्याशिवायही ती दवाखान्यात जाणारच होती. मला बोलायचीही गरज उरली नव्हती.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी साताऱ्याला गेले. रांग मोठी होती. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि पोचपावती दिली. मी ती चार घड्या करून कमरेला खोचली. परत येताना गाडीत मी एकेक वाक्य जुळवत होते. आत्ती, तुला एक सांगायचंय. आत्ती, पौषात आम्ही तालुक्याला गेलो होतो.

गावात उतरले तेव्हा आमच्या आळीत माणसं जमलेली होती. जीप दुपारी मिळाली होती. काकू घाटाखाली पोचेपर्यंतच गेली. दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचली नाही, त्यामुळे तिथून गाडी तशीच मागं वळवली. कुणी डॉक्टरनं तिला पाहिलं नाही, रक्त तपासलं नाही, काही नाही. पायातलं विष अंगात चढलं, असं सगळे म्हणत होते. तिला अंगणात ठेवलं होतं. दोन्ही पाय चादरीखाली होते आणि जोतिराम लहान पोरासारखा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता की आईचा पाय कापावा नाही लागला.

आत्ती काकूच्या डोक्याशी बसली होती. ती रडत नव्हती. स्वतःचे दोन्ही हात पालथे करून ती मांडीवर ठेवून बघत होती.

त्या रात्री मी सांगितलं नाही. माती झाली, तिसरा झाला, तरी सांगितलं नाही. सांगून आता काकू परत येणार आहे का, असं स्वतःला विचारायचे आणि नाही असं उत्तर मिळालं की पांघरूण ओढून पडायचे.

दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही. काकूची पुतणी, वाकडं तोंड करून बोलायची खोड असलेली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कसा शिवंल? साधी ठेच हुती. पाल्यानं माणूस घालीवलं." दोघी-तिघींनी तिला गप्प केलं. पण ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं.

आत्ती उठली. बायकांतून वाट काढत, चाचपडत जोतिरामच्या पुढ्यात गेली. जोतिराम तिच्या मुलाच्या वयाचा, तिच्याच हातावर वाढलेला. त्याच्यापुढं तिनं पदर पसरला.

"जोत्या, ती बोलती ते खरं हाय. माझ्या डोळ्यांनी घात केला. मला दिसत न्हाई, दोन वरसं झाली. मी गावात कुणाला बोलले न्हाई, मान जाईल म्हणून. पाला म्हणून काय खुडलं आन् काय लावलं, माझं मला ठावं न्हाई. तुझी आई माझ्या हातानं गेली."

जोतिराम नुसता मान हलवत राहिला. नाही म्हणत होता की हो, ते कळत नव्हतं. मग आत्ती वळली. माझा आवाज कुठून येईल याचा अंदाज घेत तिनं मला हाक मारली.

"मंजे, तू झऱ्यावर माझ्यासंगं हुतीस. घरी पाला तू बघायचीस, मला ठावं हाय. सुपाचा आवाज येत हुता मला. सांग समद्यांम्होरं. कसला पाला हुता त्यो?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. पाला बरोबर होता, आत्ती. तेवढ्यानं तिच्या हातावरचा डाग पुसला असता. पण मग जोतिरामनं विचारलं असतं, मग आई कशानं गेली? आत्तीनं तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं. पोचपावती माझ्या कमरेला होती. दहा दिवस मी ती काढून ठेवलीच नव्हती.

"मला नीट ओळखता नाही आला," मी म्हटलं. "पण दगडी पाला नव्हता तो."

आत्तीनं मान हलवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. थोड्या वेळानं कावळाही शिवला, आणि बायका आपापल्या घरी निघाल्या.

परतताना मी आत्तीचा हात धरला होता. ओढ्यात पाणी नव्हतं, पण दगड होते, म्हणून मी पुढं पाऊल टाकायची आणि मग तिला ओढून घ्यायची. मध्यावर ती थांबली.

"तुझ्या जिवावर आलं असंल ते बोलायला," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, माझी लाज राखाया तू खोटं बोलशील. बोलली न्हाईस. बरं केलंस, मंजे. दवाखान्यात तुझ्यासारखीच माणसं पायजेत."

तिनं माझा हात आणखी घट्ट धरला, आणि मी तिला पुढच्या दगडावर घेतलं.